किती एचपीची?

आर. व्ही. अटलांटिस,
प्रशांत महासागर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

परवा मामी फोनवर सांगत होत्या. दुकानात येईल त्याला तुम्ही सांगता म्हणे, ‘भाचा परदेशात सबमर्सिबलवर असतो,’ आणि लोक विचारतात, ‘किती एचपीची?’ हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. नंतर बंकवर पडल्या पडल्या वाटलं, त्या बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं? तुमच्याकडे शिकलो तेच इथं करतो. फक्त बोअर जरा खोल आहे.

आमची सबमर्सिबल म्हणजे ‘ॲल्विन’. १९६४ सालची, म्हणजे तुमच्याहून वडील. दर काही वर्षांनी तिला पार सुटी करून पुन्हा जोडतात, त्यामुळे मूळचं आता जवळपास काहीच उरलेलं नाही. दहादा वाइंडिंग करून घेतलेल्या जुन्या मोटरीसारखंच. मधे टायटॅनियमचा पोकळ गोळा, आतून जेमतेम दोन मीटर रुंद. त्यात तीन माणसं पाय मुडपून बसतात, एक चालवणारा आणि दोन अभ्यासक. आता ती ६५०० मीटरपर्यंत जाऊ शकते, पण सध्या आम्ही मेक्सिकोच्या दक्षिणेला जिथं आहोत तिथं तळ २५०० मीटरवरच आहे. तुमच्या हिशेबात दर दहा मीटरला एक किलो प्रेशर. म्हणजे तळाशी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर अडीच क्विंटल.

मग मोटरी चेपत कशा नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. बोअरमध्ये सोडण्याआधी तुम्ही मोटरीत पाणी भरता, एक बुडबुडाही राहू देत नाही. इथं पाण्याऐवजी तेल. पंखे फिरवणाऱ्या मोटरी, केबलींच्या जोडपेट्या, सगळं तेलानं गच्च. बाहेर दाब वाढला की एक रबरी पिशवी दबते आणि आतलाही दाब तेवढाच होतो. हवा कोंडलेली असेल तिथंच समुद्र जोर करतो, आणि हवा ठेवायची ती त्या गोळ्यात, माणसांसाठी. पहिल्या आठवड्यात एका वरिष्ठानं हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. मी मान डोलावत होतो, आणि डोळ्यांपुढं होता आपल्या दुकानामागचा हौद.

ॲल्विन सकाळी आठच्या सुमाराला पाण्यात उतरते, पाचच्या आसपास वर येते. मग आमची पाळी. बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या आणि तपासत बसायचं. तळाशी तापलेल्या पाण्याची धुराडी आहेत. साडेतीनशे अंशांच्या वर तापलेलं पाणी, पण दाबामुळे उकळत नाही. तिथले गंधकाचे दगड टोपलीत येतात, त्यामुळे सगळ्या डेकवर कुजक्या अंड्यांचा वास. शास्त्रज्ञ त्या दगडांभोवती गोळा होतात, आम्ही ओ-रिंगांभोवती. प्रत्येक रिंग पुसायची, उजेडात धरायची, बोट फिरवून बघायचं, पुसटसं ग्रीस लावायचं. एखादा केस जरी मधे राहिला तरी पाणी वाट काढतं. आणि मग मेगर, मामा! इथंही मेगर. कुठलं सर्किट अर्थला गळतंय का, ते एकेक करून पाहायचं.

मेगर हातात घेतला की मला तो द्राक्षबागेचा जॉइंट आठवतो. खरड छाटणीनंतरचं पाणी सुरू होतं, माणूस घाईत, मीही घाईत. टेप मारली आणि पंप सोडला. चौथ्या दिवशी मोटर अर्थ. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. रात्री बॅटरीच्या उजेडात पंप वर काढलात, दुसरा जॉइंट केलात, पैसे घेतले नाहीत. आणि पुढचे चार महिने माझा प्रत्येक जॉइंट रात्रभर बादलीत बुडवून सकाळी मेगर लावायला लावलात. तेव्हा फार राग यायचा. बोललाही असतात तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. तुमच्या पंपाला पाइप असतो, दोर असतो. हिला काहीच नाही. मागच्या डेकवरची ए-फ्रेम हिला उचलून पाण्यात ठेवते, पोहणारे दोघं दोर सोडवतात, की ती सुटली. लोखंडी वजनांच्या भारानं तास-सव्वा तास खाली जात राहते. वर यायचं तेव्हा ती वजनं टाकून देते. पाण्यातून रेडिओ चालत नाही, आवाजच पाठवावा लागतो. तळाशी असताना वरून हाक मारली की उत्तर यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्या वेळात मी आदल्या रात्रीचे सगळे बोल्ट मनात पुन्हा आवळून घेतो.

पंप बोअरमध्ये पडल्याच्या कहाण्या तुम्ही किती रंगवून सांगता! हिच्याही नावावर एक आहे. १६ ऑक्टोबर १९६८. तेव्हाचं जहाज वेगळं होतं. उतरवताना पोलादी दोर तुटले, झाकण उघडंच. तिघं कसेबसे बाहेर पडले आणि ती गेली दीड हजार मीटर खाली. पुढच्या वर्षी वर काढली, तर आत राहिलेलं जेवण, सँडविच आणि सफरचंदं, भिजलेलं पण न नासलेलं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर मात्र थोड्याच आठवड्यांत नासलं. खोल समुद्रात कुजणं किती मंद चालतं, याचा अभ्यास त्या डब्यापासून सुरू झाला. इथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सँडविचची गोष्ट सांगतात. दोराची कुणी विचारत नाही.

मी अजून खाली गेलेलो नाही. इथले तंत्रज्ञच पुढे शिकून पायलट होतात, तेव्हा नंबर लागेलही. पहिल्यांदा जाऊन आलेल्याच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओततात. बादलीची मला सवय आहे.

कुरिअरनं एक छोटा खोका पाठवतो आहे. त्यात थर्माकोलचा चहाचा कप आहे, आपला साधा. मागच्या फेरीत जाळीच्या पिशवीत घालून ॲल्विनच्या बाहेर बांधला होता. आतली हवा दबून तो अंगुस्तानाएवढा होऊन आला. त्यावर दुकानाचं नाव मी चांगलं ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आता वाचायला भिंग लागेल. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत उरकून घ्या.

मामींना नमस्कार.

तुमचा,
बंडू