पटाला वजनगट नसतो

कोल्हापुरात मैदान म्हटलं की आधी जोड बघतात. वजन किती, वय काय, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, हे जोखल्याशिवाय खासबागेच्या आखाड्यात दोन पैलवान समोरासमोर येत नाहीत. बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेत मात्र सातवीतलं पोरगं आणि निवृत्तीला आलेले बँकेतले साहेब एकाच टेबलावर बसतात. आणि माझ्यासारख्या पंचाकडे तक्रार घेऊन येतात ते हमखास साहेबच.

"सर, या पोरांना वयोगटाच्या स्पर्धा आहेत की! इथं कशाला सोडताय त्यांना?" सूर असा, की पोराच्या काळजीपोटीच विचारतायत. खरं दुखणं असतं रेटिंगचं.

ते दुखणं खोटं नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पद्धतीत दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण ठरतो. 1900 रेटिंगचा माणूस 1500 वाल्याशी खेळला, तर त्याच्याकडून 0.92 गुणाची अपेक्षा असते. जिंकला तर जेमतेम 1.6 अंक वाढतात, हरला तर 18.4 जातात. समोरच्या पोराला मात्र त्याच डावाचे 36.8 मिळतात. कारण मिळालेला आणि अपेक्षित गुण यांतल्या फरकाला लावायचा मोठ्यांचा गुणक 20, आणि 2300 च्या आतल्या, अठरा वर्षांखालच्या खेळाडूंचा 40. ही मेहेरबानी नव्हे. वाढत्या वयात खेळ रेटिंगच्या पुढे पळतो, म्हणून ठेवलेली ती सोय आहे.

सोय आहे, पण पुरत नाही. रेटिंगची यादी महिन्यातून एकदा येते. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळ-संध्याकाळ ऑनलाइन खेळणारं आणि रात्री अंथरुणात कोडी सोडवणारं पोरगं जूनमध्ये हॉलमध्ये येतं, ते जुनाच आकडा घेऊन. कोरोनाच्या काळात तर हॉल बंद आणि मोबाइल चोवीस तास चालू. हॉल उघडले तेव्हा कागदावरचे हजार-बाराशेवाले असे खेळायला लागले की भल्याभल्यांची झोप उडाली. शेवटी 1 मार्च 2024 ला फिडेनं दुरुस्ती केली. 2000 च्या खाली असलेल्या प्रत्येकाला, 2000 ला जितके अंक कमी पडत होते त्याच्या 40 टक्के अंक एकदम वाढवून दिले. हजारवाला रातोरात चौदाशेचा झाला आणि किमान रेटिंगही 1400 ठरलं. त्यानंतर कुरकुर कमी झाली. थांबली असं मी म्हणणार नाही.

तेव्हा चूक आकड्याची आहे, वयाची नव्हे. 'यांना इथं सोडू नका' ही मागणी जुनीच. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. तिथं उतरणारी ती पहिलीच स्त्री. केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना अडवता येणार नाही.

तिथून थेट जुलै 2025 वर येतो. जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, एका बाजूला नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला 38 वर्षांची कोनेरू हंपी. संथ डाव दोन्ही बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या दीड-अर्धा अशी जिंकली आणि किताबासाठी लागणारा एकही नॉर्म गाठीशी नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. पण हंपी स्वतः 2002 साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली होती, हे त्या दिवशी किती जणांना आठवलं?

एक खरं, पटावर पोरगं मोठ्यांना भारी पडलं तरी टेबलावर ते लहानच असतं. एका स्पर्धेत हत्ती-प्याद्यांचं एंडगेम चाललं होतं आणि मुलाचं एक प्यादं जास्त होतं. खुर्ची बुटकी, म्हणून तो गुडघे टेकून बसलेला. समोरच्या गृहस्थांनी बरोबरी विचारली. त्यानं मान हलवली. दोन चाली झाल्या, पुन्हा विचारलं. मग पुन्हा. आता तो पटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायला लागला. प्रतिस्पर्ध्याला त्रास होईल असं वागायचं नाही, हा नियम आहे आणि ऊठसूट बरोबरी विचारणं त्यात मोडतं. घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचा हक्क त्याला होता. पण वडीलधाऱ्या माणसाची तक्रार करायची नसते, हे घरात आणि शाळेत इतकं पक्कं शिकवलेलं, की हात अर्ध्यावर येऊन परत खाली गेला. मी जाऊन काकांना समज दिली. तरी त्यांनी विचारलंच, तेव्हा मुलाच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली.

डाव अखेर बरोबरीतच सुटला. काकांमुळे नव्हे, हत्तीच्या एंडगेममध्ये एक प्यादं जास्त असूनही जिंकणं अवघड असतं आणि त्या पोराला ते तंत्र येत नव्हतं. आजच्या मुलांचं ओपनिंग इंजिननं पाठ करून घेतलेलं असतं, डावपेच तर त्यांना चुटकीसरशी दिसतात. वजीर पटावरून गेले की मात्र त्यांची पंचाईत होते. मोठ्यांनी तक्रारीऐवजी तिथवर डाव न्यावा. फुकटचा सल्ला आहे, पण पंचाचा.

आमचा सगळा टापू या खेळाचा जुना शौकीन. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलं. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे त्याच गावच्या. कोल्हापूरची ऋचा पुजारी महिला इंटरनॅशनल मास्टर झाली, सम्मेद शेटे इंटरनॅशनल मास्टर. नुसते वयोगट खेळून कुणी तिथवर पोचत नाही. खुल्या स्पर्धेत मोठ्यांचा मार खावा लागतो आणि मोठ्यांना द्यावाही लागतो.

म्हणून संयोजकांना सांगणं एवढंच, की खुल्या स्पर्धेला खालची वयोमर्यादा लावू नका. आणि खेळाडूंनो, पुढच्या फेरीत सातवीतल्या पोराकडून हरलात तर सही करून तडक चहाच्या टपरीकडे निघू नका. हॉलबाहेर त्याच्यासोबत दहा मिनिटं तोच डाव पुन्हा मांडा. तुम्ही कुठं चुकलात ते तो सांगेल, एंडगेम तुम्ही त्याला दाखवा.