जुन्या पिकअपचे बळ

आमच्या अंगणातील पिकअपने आता पंचविशी ओलांडली आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्या कुळातली ही गाडी. शिडीसारखी पोलादी चौकट, मागे कमानपाटे, चार सिलिंडरांचे बिनटर्बोचे डिझेल इंजिन. संगणक औषधालाही नाही. अण्णांनी तिच्यातून वीस वर्षे पाटणची भाजी चिपळूणला पोहोचवली. पुढे त्यांचे गुडघे थकले आणि किल्ली आम्हा दोघा भावांच्या हाती आली. पान्यांची पेटीही आली. कोणता पाना आधी हाती घ्यावा, हे शहाणपण मात्र वारसाहक्काने मिळत नसते.

आम्हाला घाई होती ती गाडी पळवण्याची. कुंभार्ली घाट चढताना मागचे टेम्पो हॉर्न वाजवीत पुढे निघून जात आणि तो आम्हाला आमचाच अपमान वाटे. तेव्हा आम्ही डिझेल पंपाचे सील तोडले आणि इंधनाचा स्क्रू वाढवला. गाडी चढावर थोडी चपळ झाली. मागून काळ्या धुराचे लोट निघू लागले. तो धूर आम्ही शक्तीचे लक्षण समजलो. वास्तविक इंजिन जेवढी हवा ओढते, तेवढ्याच हिशेबाने डिझेल जाळू शकते. उरलेले काजळी होऊन बाहेर पडते.

एप्रिलमधल्या एका दुपारी भरलेली गाडी घेऊन आम्ही घाट उतरत होतो. अण्णा मध्ये बसले होते. तिसऱ्या गिअरात, ब्रेकवर पाय ठेवून वळणे घेणे चालले होते. एका वळणाआधी पेडल थेट तळाला गेले. ‘‘डोंगराच्या अंगाला घे!’’ अण्णा ओरडले आणि त्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी दरडीला घासत थांबली. बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले, ‘‘ज्या गिअरात चढवतो, त्याच गिअरात उतरवायची असते रे.’’ चिपळूण येईपर्यंत पुढे एक शब्द नाही.

कारणाचा उलगडा नंतर झाला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे ताजे तेल 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 140 अंशांवर येते. ब्रेक सतत दाबून ड्रम तापले की तेलाची वाफ होते, आणि पायाचा सारा जोर ती वाफ दाबण्यातच खर्ची पडतो. आमच्या गाडीतले तेल किती वर्षांचे होते, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. शिवाय वेग 40 वरून 60 झाला की थोपवायची ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. बळ वाढवताना हा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता.

मग चारही ड्रम उतरवले. शू, व्हील सिलिंडरांची रबरे, कुजलेले होज बदलले. ब्रेकमधली एअर काढायला दोन माणसे लागतात: एक पेडलवर, दुसरा चाकापाशी निपल उघडणारा. ‘‘दाब.’’ ‘‘धर.’’ ‘‘सोड.’’ सांगायला संकोच वाटतो. पण जमिनीच्या वाटणीवरून वर्षभर आमच्यात धड बोलणे नव्हते. त्या दिवशी हे तीन शब्द आम्ही शंभरदा तरी उच्चारले असतील.

पुढे पंप दुकानात नेऊन पूर्ववत करून घेतला, नोझल तपासली, फीलर गेज घेऊन टॅपेट एका मापात आणले, एअर फिल्टर बदलला. धूर विरळ झाला आणि आश्चर्य असे की गाडी पूर्वीपेक्षा हलकी चालू लागली. आम्ही जे बळ बाहेरून आणू पाहत होतो, ते बरेचसे आमच्याच हयगयीखाली दडपलेले होते. मोठे इंजिन बसवण्याचा बेत आम्ही सोडून दिला. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा फेरबदलांना आडवे येते खरे. पण आम्ही थांबलो ते कायद्याच्या धाकाने नव्हे.

टेम्पो अजूनही मागून येतात आणि आम्ही त्यांना बाजू देतो. घाट दुसऱ्या गिअरात उतरतो. अण्णा कधीमधी बरोबर येतात. मध्येच बसतात, पण वळण आले की त्यांचा हात आता हँडब्रेककडे जात नाही.