‘नागपूरजवळ’ म्हणजे नेमकं कुठे?

‘गडचिरोली? तिथे नक्षलवादी असतात ना?’ ट्रिपचं ठिकाण जाहीर झालं आणि बावीसपैकी वीस जणांच्या घरी हाच डायलॉग झाला. उरलेल्या दोघांनी घरी सरळ ‘नागपूर’ सांगून टाकलं. त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, कारण आईला मीही तेच सांगितलं होतं!

पुण्यातल्या एका कॉलेजच्या हिस्टरीच्या मुलांची ही स्टडी टूर. आधी सिंगापूरचे बेत चालले होते. बजेट पाहून ते बारगळले आणि सरांनी एकदम मार्कंड्याचं नाव काढलं. मी लेखाच्या निमित्ताने शेपटासारखी सोबत. रात्रभर ट्रेन, नागपूरला तर्री-पोहे (नाकाडोळ्यांतून पाणी, तरी दुसरी प्लेट मागवलीच), मग नागभीड, आरमोरी, गडचिरोली करत बस चामोर्शीकडे. धान कापून झालेली शेतं, मध्येच तलाव, मध्येच जंगल. ‘हे महाराष्ट्रातच आहे?’ मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं. कुणी हसलं नाही.

मार्कंडा गडचिरोलीहून साधारण 40 किलोमीटर. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून जागा पवित्र. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र काठावर शांतता होती. दहाव्या-अकराव्या शतकातल्या देवळांचा हा समूह. भिंतींवर देव, अप्सरा, हत्ती, एक इंच मोकळा नाही. 1870 च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आला होता. खजुराहो पाहिलेला माणूस, पण इथलंही कौतुक लिहून गेला. ‘विदर्भाचं खजुराहो’ हे बिरूद मला स्वतःला आवडत नाही. मार्कंड्याला मार्कंडाच म्हणा की!

सोळाच वर्षांचं आयुष्य लाभलेल्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाताने परत जावं लागलं, ही गोष्ट ठाऊक असेलच. गंमत म्हणजे इथे यमाचंही देऊळ आहे. हरलेल्या पार्टीलाही जागा!

मुख्य देवळापाशी मात्र सगळे गप्प झाले. पूर्वी कधीतरी वीज पडून शिखराचा माथा मंडपावर कोसळला आणि गोंड राजाने जाड, ओबडधोबड खांब देऊन तो सावरला, असं सांगतात. गेल्या दशकात दुरुस्तीसाठी वरचे दगड उतरवले गेले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. हजार वर्षं टिकलेली गोष्ट सुटी करायची आणि मग थांबायचं! कोरलेला प्रत्येक दगड पुन्हा आपल्याच जागी बसेल ना, या प्रश्नावर सरही काही बोलले नाहीत.

बेल-फुलं विकणाऱ्या आजींनी विचारलं, ‘कोठचे जी तुमी?’

‘पुण्याचे,’ सगळे एका सुरात.

‘मी त इथलीच आहो, आजी.’

आम्ही वळून पाहिलं. दोन वर्षं होस्टेलवर ‘नागपूरजवळची’ म्हणून राहिलेली मुलगी. बसमध्येही खिडकीकडे तोंड करून बसलेली. तिचं गाव इथून हाकेच्या अंतरावर! ‘गडचिरोली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला,’ ती म्हणाली. ‘कंटाळा आला उत्तर द्यायचा.’ मग तासभर तीच आमची गाइड. जत्रेत आजीचा हात सुटून हरवली होती ती जागा, पुराचं पाणी कुठवर येतं ती खूण, सगळं तिने दाखवलं. सरांच्या नोट्स बॅगेतच राहिल्या.

दुपारी बावीस जण तिच्या अंगणात पंगतीला. भात, वरण, वांग्याची भाजी, वर वाफाळता आग्रह. ‘भीती नाही वाटली जी, इकडं यायला?’ तिच्या बाबांनी विचारलं. ‘घरी सांगितलंच नाही काका,’ एक जण बोलून गेला. सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आई. ‘काय गं, नागपूरला ऊन आहे का?’

ती मुलगी समोरच भात वाढत होती.

‘नागपूरचं माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘मी गडचिरोलीत आहे. आधी नीट ऐकून घे, मग ओरड.’