कलमाला नाव असते, कलम करणाऱ्याला नसते

आजचा धागा इतिहासाचाच आहे. मात्र त्याचे निमित्त आमच्या बिडकीनच्या शेतातले आहे. दोन एकर मोकळे झाले आहेत आणि त्यांत कोणती फळझाडे लावावीत यावर घरात दोन महिने खल चालू आहे. गहू चुकला तर पुढच्या वर्षी हरभरा पेरता येतो. झाड चुकले तर ते कळायलाच सहा-सात वर्षे जातात.

धाकट्या चुलतभावाने मोबाइलवर पिकानच्या रोपांची जाहिरात पाहिली. पिकान हे अक्रोडाच्या कुळातले, हिकरी वर्गातले अमेरिकी झाड. फळाला भाव उत्तम, म्हणून त्याचा आग्रह. परंतु या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी काही शे तास मिळावी लागते. तिच्याविना ते नीट फुटत नाही. शिवाय एकाच झाडावर नर फुलोरा आणि मादी फुलोरा वेगवेगळ्या वेळी पक्व होतो. म्हणून ‘वेस्टर्न’सारख्या आधी पराग सोडणाऱ्या जातीशेजारी ‘विचिटा’सारखी उलट क्रमाची जात लावावी लागते. हिमाचल-काश्मीरकडे हे जमते. पैठण रस्त्यावरच्या आमच्या काळ्या रानात जमणार नाही. विषय तिथेच संपला असता. पण पिकानच्या जातींचा इतिहास वाचताना एक नाव भेटले आणि मी थबकलो.

ते नाव अंत्वान. आडनाव उपलब्ध नाही, कारण तो गुलाम होता. लुईझियानातील ओक ॲली या मळ्यात तो माळीकाम करी. पिकानचे बी रुजवले तर प्रत्येक झाड वेगळे निघते, अगदी आपल्या गावरान आंब्यासारखे. उत्तम झाड हुबेहूब टिकवायचे तर कलमाला पर्याय नाही, आणि पिकानचे कलम साधता साधत नव्हते. एका वैद्याने शेजारच्या मळ्यातील निवडक झाडाच्या काड्या आणल्या. त्याचा स्वतःचा प्रयत्न आधी फसला होता. १८४६-४७च्या हिवाळ्यात अंत्वानने त्या काड्यांपासून सोळा झाडे यशस्वीपणे बांधली. १८७६च्या फिलाडेल्फियातील शतसांवत्सरिक प्रदर्शनात या फळांचा गौरव झाला आणि जातीला ‘सेंटेनियल’ हे नाव मिळाले. पिकानची ही पहिली नामांकित कलमी जात. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत मात्र अंत्वान हा वय, कसब आणि डॉलरमधली किंमत एवढाच उरला. पुढे त्या मळ्यातली बरीच झाडेही उसासाठी तोडली गेली.

आता आपल्याकडे या. आमच्या वडिलांची पसंती केसर आंब्याला आहे, आणि आज मराठवाड्यात हा आंबा इतका रुळला आहे की ‘मराठवाडा केसर’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. मूळ मात्र जुनागढचे. १९३१ च्या सुमारास तिथले वजीर साले भाई यांनी निवडलेल्या आंब्याची कलमे गिरनारच्या पायथ्याशी लागली आणि १९३४ मध्ये गराचा रंग पाहून नवाब महाबतखान तिसरे यांनी त्याला ‘केसर’ म्हटले, असे सांगतात. १९४७ मध्ये नवाब पाकिस्तानात गेले. त्यांनी नाव दिलेला आंबा इथेच राहिला. नामकरणाची हौस त्यांनाच होती असे नाही. ज्याच्या नावाने आमचे शहर कैक वर्षे ओळखले गेले त्या औरंगजेबाच्या पत्रांत, मुलाने पाठवलेल्या आंब्यांना ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’ अशी चक्क संस्कृत वळणाची नावे दिल्याचा उल्लेख येतो. वजीर, नवाब, बादशहा सगळे सापडतात. ती पहिली काडी खुंटावर कोणी बसवली, हे मात्र कुठेच सापडत नाही.

केसरची बाजू भक्कम आहे. हापूस कोकणाबाहेर आला की रुसतो, आणि त्याच्या गरात साका होतो. केसरला हा त्रास सहसा नाही. आमच्या कोरड्या हवेत तो बऱ्यापैकी नियमित फळतो. दहा-दहा मीटरवर लावला तर एकरी चाळीस झाडे, पाच-पाच मीटरवर एकशेसाठ.

मोसंबी हा पैठण तालुक्याचा जुना आधार. जालना मोसंबीलाही मानांकन आहे, आणि ‘न्युसेलर’ रोपे सहज मिळतात. तरी मी विरोधात मत दिले. २०१२-१३च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यात बागाच्या बागा वाळल्या. आमचीही अर्धी बाग तेव्हा सरपणात गेली. मोसंबीला उन्हाळ्यात पाणी विकत घेऊन घालावे लागते. आंब्याचे जुने झाड जमिनीतून स्वतःची सोय पाहते.

पण ती सोय पाहते कोण? खुंट. जातीची चर्चा करताना सगळे वरच्या काडीबद्दल बोलतात. खालच्या गावरान कोयीबद्दल कोणी बोलत नाही. पिशवीत वाढलेल्या कलमाचे सोटमूळ बहुधा वळते किंवा तुटते. म्हणून आम्ही ठरवले की गावरान कोयी थेट खड्ड्यातच रुजवायच्या आणि पुढल्या पावसाळ्यात जागेवर शेंडा कलम करायचे. एक वर्ष उशीर होतो, मूळ मात्र सरळ खाली जाते.

राहिला एक आंबा. चुलत्यांच्या वाट्याच्या बांधावर आमच्या पणजोबांच्या काळचे गावरान झाड आहे. फळ लहान, रेषाळ, आंबट. लोणच्याला त्याच्यासारखे दुसरे नाही. बिडकीनभोवतीची हजारो एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली, त्यात हा तुकडाही गेला. पंचनाम्यात त्याची नोंद ‘आंबा, नग एक’.

समाजमाध्यमांवर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून एक उतारा फिरतो, तो वस्तुतः रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला आहे, हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. त्याचा आशय असा, की आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावे. मला त्यातला ‘राजी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. चुलते राजी होते, मोलही मिळाले. तरी त्या झाडाच्या कोयीतून तेच झाड पुन्हा उगवणार नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते.

म्हणून गेल्या जुलैत काड्या काढल्या. पंधरवडा आधी निवडलेल्या फांद्यांची पाने देठ ठेवून छाटली, डोळे फुगू दिले, आणि वर्षाच्या दहा रोपांवर कलमे बांधली. बांधली ती शेजारच्या गावच्या एका वयस्कर कारागिराने. सुरीचा काप इतका सफाईदार, की फट दिसत नव्हती. दहापैकी सहा लागली. दोन बांधावर जातील, बाकीची भाऊबंदांत.

जातीला अजून नाव नाही. आई ‘लोणच्याचा’ म्हणते, चुलते ‘वरच्या बांधाचा’ म्हणतात. लागवडीच्या वहीत मी दोन्ही लिहिले आहे, आणि पुढच्या रकान्यात कलम बांधणाऱ्याचे पूर्ण नाव.