वेढे

पूर्वी दोन वेढ्यांत रबर संपायचा. तिसरा द्यायला गेलं की तुटायचा.

मग तीन बसू लागले. मग चार. मी मोजत गेले, आणि मोजता मोजता तू बारीक होत गेलीस, वेणी.

कुठे गेलीस म्हणून विचारत नाही. दिसतेसच की. उशीच्या अभ्र्यावर, मोरीच्या जाळीवर, पांढऱ्या ओढणीवर, एकदा तर कणकेत. घरभर आहेस.

रिपोर्ट नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल, लोह नॉर्मल. इतका कोरडा शब्द मी ऐकला नव्हता. फाईल मिटली, तेव्हापासून मीही विचारणं सोडलं.

भांग ही एके काळी पायवाट होती, गवतातून जाणारी, एका माणसापुरती. आता ते उन्हाळ्यातल्या कन्हानचं पात्र आहे. काठाकाठानं थोडी झुडपं, आणि मधे वाळू, सकाळच्या उन्हात चमकणारी. लिफ्टमधला दिवा नेमका डोक्यावर येतो. मी कोपऱ्यात सरकते.

आणि आठवतो तो महालातल्या वाड्याचा रविवार, शिकेकाईचा वास आणि बंबाचा धूर एकमेकांत मिसळलेला, आई पायरीवर, मी तिच्या खालच्या पायरीवर, पाठीवर पसरलेली तू ओली, जड, उन्हानं हळूहळू हलकी होत जाणारी, आईच्या हातातली फणी टाळूपासून निघून कमरेपर्यंत यायला इतका वेळ घेणारी की तेवढ्यात तिची एक अख्खी गोष्ट सांगून व्हायची, आणि मग ती गुंतवळ बोटाला गुंडाळून, तीनदा थू थू करून, कोनाड्यातल्या डब्यात ठेवायची, आजीच्या गंगावनासाठी.

तो डबा तेव्हा भरायचा. घरात कोणाला त्याची भीती वाटत नव्हती.

डिसेंबर २०२४ सरता सरता शेगाव तालुक्यातून बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा. हात लावला की केस हातात. तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, माणसं, लहान पोरंसुद्धा. टीव्हीवर एक बाई पदर कपाळापर्यंत ओढून उभी होती, कॅमेरा जवळ गेला तसा पदर आणखी खाली आला. पुढे पाण्याचं बोलणं झालं, रेशनच्या गव्हाचं झालं, गव्हातल्या सेलेनियमचं झालं. असेल. मी त्या पदराकडेच पाहत राहिले. आणि सांगायला लाज वाटते, मला हेवा वाटला. त्यांचं गेलं ते गावानं मिळून गेलं.

पणजीला मी फोटोतच पाहिलं. आलवण, आणि आलवणाखाली काही नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. आमच्या घराच्या उंबऱ्याला ते वारं फार उशिरा लागलं. पण तिचे केस नेणारा एक हात तरी होता. त्याला शिव्याशाप देता येत होते.

मी कोणाला देऊ?

मे महिना मात्र माझा. पंचेचाळीस अंशांत नागपूरच्या साऱ्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा गुंडाळतात. बर्डीच्या सिग्नलला दहा गाड्या, दहा गुंडाळलेली डोकी. त्यातलं माझं कोणतं? ओळखा. त्या उन्हासारखं दयाळू या शहरात दुसरं काही नाही. मग मृग लागतो. दुपट्टे सुटतात. ओल्या मातीचा वास सगळ्यांना आवडतो म्हणे.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघाली. मी इतवारीत, मावशीच्या गॅलरीत. खाली ढोल, गुलाल, घामेजलेले खांदे, आणि एकच आरोळी: घेऊन जा गे मारबत. १८८१ पासून हे शहर काळ्या मारबतीला घेऊन जायलाच सांगत आलं आहे. रोगराई ने, ईडापीडा ने, महागाई ने. माझ्या ओठांवर भलतंच आलं.

आणून दे गे मारबत.

कोणाला ऐकू गेलं नाही. ती जळायला गेली.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "काऊन रडून राहिली वो? येतीन नं वापस." मी रडत नव्हते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, खोबरेल कोमट करून आणलं आणि मला खाली बसवलं. बोटं टाळूवर फिरू लागली. जिथे केस होते तिथे. जिथे नव्हते तिथेही, तेवढाच वेळ. खिडकीतून उजेड येत होता. मी डोकं झाकलं नाही.

तू ऐकते आहेस का, वेणी?

आज पाच वेढे बसले. कालही पाचच होते.