बोला!

एखादी वस्तू अडल्याशिवाय तिची किंमत कळत नाहीं, असें माझी आजी नेहमीं म्हणे. परकी भाषा ही अशीच एक वस्तू आहे, याचा अनुभव मला गेल्या हिंवाळ्यांत आला.

माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. कोंकणांतील पुष्कळ घरांप्रमाणें आमच्याही घरचा एक डोळा सदैव समुद्राकडे लागलेला असतो. डिसेंबर महिन्यांत एके दिवशीं निरोप आला कीं, दादाच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्यामुळें त्यास स्पेन देशांतील वालेन्सिया बंदरीं उतरविलें; तेथील रुग्णालयांत त्याच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली; आणि जहाज पुढें निघून गेलें. निरोपाखालीं रुग्णालयाचा क्रमांक आणि 'खोली ७२' एवढेंच लिहिलेलें होतें. दादाचा मोबाईल त्याच्या सामानाबरोबर जहाजावरच राहिला होता.

बाबांनीं तत्काळ फोन लावला. प्रथम दोन शून्यें, मग स्पेन देशाचा अंक ३४, मग रुग्णालयाचा क्रमांक. पलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "दिगा!" बाबा हिंदींत बोलले, मोडक्यातोडक्या इंग्रजींत बोलले, परंतु तिकडून शब्दांचा असा कांहीं लोंढा आला कीं, त्यांनीं हताश होऊन फोन ठेवून दिला. मोबाईलमधील भाषांतराचें साधनही आम्हीं वापरून पाहिलें. लिहिलेलें वाक्य तें चटकन् फिरवून देई; पण घाईनें बोललेलें, मध्येंच तुटणारें बोलणें कांहीं त्याच्या हातीं लागेना. आई त्या रात्रीं जेवली नाहीं.

दुसरे दिवशीं मी आमच्या शाळेंतील वृद्ध सिस्टरांकडे गेलों. तरुणपणीं त्यांनीं कांहीं वर्षें स्पेनमध्यें काढलीं होतीं. सारी हकीकत ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बाळ, भाषा शिकावयास वर्षें लागतात. पण तुला भाषा नको आहे, एक फोन करावयाचा आहे. त्याला चार वाक्यें पुरेत."

"सिस्टर, 'दिगा' म्हणजे काय हो?" मीं प्रथम विचारलें.

"म्हणजे 'बोला'. एकेरी 'बोल' नव्हे. मान देऊन 'बोला'."

मला हंसूं कीं रडूं असें झालें. आमचे बाबाही फोन उचलून 'बोला' असेंच म्हणतात! ज्या शब्दानें ते काल गांगरून गेले, तो त्यांचा स्वतःचाच शब्द होता. फक्त त्याचा पोशाख निराळा होता.

सिस्टरांनीं पुढें सांगितलें कीं, हीच भाषा मेक्सिकोंत चालते, पण तेथें फोन उचलणारा 'ब्वेनो' म्हणतो, म्हणजे 'बरें'. आर्जेंटिनांत 'ओला' म्हणतात, तर कोलंबियांत 'आलो'. मग त्यांनीं माझ्या वहींत वाक्यें लिहून दिलीं. 'यामो देस्दे ला इंदिया', म्हणजे मी भारतांतून फोन करीत आहें. 'सोय एल एर्मानो दे', म्हणजे मी अमक्याचा भाऊ आहें. 'आब्ले मास देस्पाथ्यो, पोर फावोर', म्हणजे कृपा करून सावकाश बोला. खोली मागावयाची ती 'आबिताथ्योन' या शब्दानें. "आणि त्यांनीं 'नो क्वेल्गे' म्हटलें तर फोन मुळींच ठेवूं नकोस," त्या बजावून म्हणाल्या. या शब्दांचा मूळ अर्थ 'टांगूं नका' असा आहे. पूर्वीं फोनचा कर्णा भिंतीवरील आंकड्यास टांगीत. आंकडा गेला, शब्द मात्र राहिला.

निघतांना त्यांनीं मला थांबविलें. "तीं माणसें जें बोलतील त्यांतलें बहुतेक तुला कळणार नाहीं. भिऊं नकोस. दोनच शब्दांकडे कान ठेव. 'मेहोर' म्हणजे अधिक बरा. 'पेओर' म्हणजे अधिक वाईट."

ते दोन शब्द मीं शाळेपासून घरापर्यंत घोकीत नेले. दोहोंचा शेवट एकसारखा. अर्थांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर!

इ. स. १९२८ मध्यें स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो आणि अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज हे समुद्रापलीकडून दूरध्वनीवर एकमेकांशीं बोलले, तेव्हां ती मोठी नवलाई होती. आज तेंच भाग्य आमच्या ओटीवर येऊन बसलें होतें. पण त्या रात्रीं माझी छाती कशी धडधडत होती, तें माझें मला ठाऊक! आमच्याकडे साडेआठ वाजले होते. हिंवाळ्यांत तेथील घड्याळ साडेचार तास मागें असतें, म्हणजे वालेन्सियास दुपारचे चार.

"दिगा!"

मीं वाक्यें म्हटलीं आणि खोली मागितली. कोणा वृद्ध गृहस्थाचा आवाज आला. मीं दादाचें नांव घेतलें. क्षणभर थांबून ते शांतपणें म्हणाले, "से आ एकिवोकादो." मला अर्थ कळला नाहीं, पण चूक झाली एवढें उमगलें. वही पाहतों तों काय! साठाला 'सेसेंता' आणि सत्तराला 'सेतेंता'. मीं बहात्तरच्या ऐवजीं बासष्ट क्रमांकाची खोली मागितली होती! एका आजारी माणसाची झोंप मोडली; तरी मीं 'पेर्दोन' म्हणतांच ते सौम्यपणें म्हणाले, "नो पासा नादा", म्हणजे कांहीं बिघडलें नाहीं.

पुन्हां फोन लावला. या खेपेस अंक सुटे सांगितले: सात, दोन; 'स्येते, दोस'. एका परिचारिकेनें फोन घेतला. मीं भारतांतून बोलत आहें हें ऐकतांच ती पुष्कळ बोलली, भरभर बोलली. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. त्या लोंढ्यांत मी जीव मुठींत धरून एकच शब्द शोधीत होतों, आणि तो आला: "मेहोर. मूचो मेहोर."

"बरा आहे," मीं म्हटलें, "पुष्कळ बरा आहे." आई मटकन् खालीं बसली. तोंच तिकडून शब्द आले, "नो क्वेल्गे." कालचा मी असतों तर तेवढ्यावरच फोन ठेवून दिला असता. मी थांबलों. कांहींतरी सरकल्याचा आवाज झाला आणि मग क्षीण, पण ओळखीचा स्वर आला, "बोल रे."

मीं मुकाट्यानें फोन आईच्या हातीं दिला.

शाळूसोबत्यांनो, चार वाक्यांनीं कोणी भाषापंडित होत नाहीं. मीही झालों नाहीं. परंतु परक्याच्या दारीं त्याच्या भाषेंतील एक शब्द घेऊन उभें राहिलें कीं, तो दार थोडें अधिक उघडतो, हें मीं अनुभविलें. आणि बोलण्याइतकीच ऐकण्याचीही तयारी करावी लागते, हें सिस्टरांनीं मला शिकविलें.

दादा आतां घरीं आला आहे. घरचा फोन वाजला कीं तो बाबांच्या आधीं उचलतो आणि मोठ्यानें म्हणतो, "दिगा!"

— एक विद्यार्थी, इयत्ता दहावी