तेलाच्या पिशवीवरचे दोन आकडे

गोडेतेलाच्या पिशवीवर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात: 1 लिटर आणि 910 ग्रॅम. इतकी वर्षं ती पिशवी कापून डब्यात ओततोय, पण एकाच तेलाला दोन आकडे कशाला, हे कधी मनात आलं नाही. परवा आलं, आणि तेव्हापासून घरातल्या एकाही वस्तूला चैन नाही!

लिटरभर पाणी 1000 ग्रॅम भरतं. तेवढ्याच जागेत तेल मात्र 910. भागाकार 0.91. आता गंमत बघा. पिशवी अर्धी होऊ दे, तळाशी चमचाभर उरू दे, भागाकार 0.91च! वस्तुमान घटलं, आकारमान घटलं, पण दोघांचं नातं जागचं हललं नाही. ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे शाळेत दोन मार्कांसाठी घोकलं होतं. पण हा भागाकार वस्तूची ओळख सांगतो, हे तेव्हा कोणी का नाही सांगितलं?

मग काय, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ओट्यावर आला. वेड्यावाकड्या वस्तूचं आकारमान मोजायची एक युक्ती तर अफलातून आहे. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायची. तळाला टेकू द्यायची नाही. वस्तूने जेवढं पाणी सारलं, तेवढ्याच पाण्याचं वजन काटा दाखवतो. आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक घन सेंटिमीटर, त्यामुळे दिसलेला आकडा हेच आकारमान! हत्यारांच्या डब्यातला मोठा बोल्ट 126 ग्रॅम, पाण्यात 16. भागाकार 7.9. लहान बोल्ट 63 ग्रॅम, पाण्यात 8. पुन्हा 7.9! मी अक्षरशः ओरडलो. देवघरातली पितळी घंटा साडेआठच्या आसपास आली.

आणि पुढचे आकडे वाचले तर झोप उडते. पारा 13.6, म्हणजे हाच लोखंडी बोल्ट पाऱ्यावर चक्क तरंगेल. शिसं 11.3, सोनं 19.3. अख्खा शनी ग्रह सरासरी 0.7च्या आत, पाण्याहूनही हलका! अणू किती जड आणि किती दाटीने बसलेत, एवढ्यावर हा सगळा खेळ.

आपल्याकडचा भातशेतकरी हा खेळ पेरणीआधी खेळतो. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं, की पाण्याची घनता जरा वाढते. त्यात बियाणं ओतायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. भरलेले तळाशी बसतात, ते धुऊन सावलीत सुकवून पेरायचे. ना काटा, ना भागाकार. मला तर ही पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा देखणी वाटते.

तुम्हीही आजच करून बघा. सोन्याची अंगठी तपासायचा मोह होईलच. त्यासाठी बिनखड्याची, भरीव अंगठी घ्या आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा मिळवा. ग्रॅमवर थांबणाऱ्या काट्याचं ते काम नाही. 22 कॅरेट असेल तर उत्तर साडेसतरा ते अठराच्या दरम्यान यायला हवं.